पाण्यातले जंतू मोजायला शिकवणारा डॉक्टर

सरकारी रुग्णालयाच्या केसपेपरवर क्षयरोगाचे नाव बऱ्याचदा पूर्ण लिहिलेले नसते. डॉक्टर नुसते कॉक्स असे लिहितात आणि परिचारिकेपासून वॉर्डबॉयपर्यंत सगळ्यांना ते कळते. हा शब्द म्हणजे एका जर्मन डॉक्टरचे आडनाव आहे. रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये क्षयाचा जंतू शोधला, म्हणून त्या रोगाला त्यांचे नाव चिकटले. आपल्या नळाच्या पाण्याशीही याच माणसाचा तितकाच जवळचा संबंध आहे, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. पाण्यात रोगजंतू आहेत की नाहीत हे रंगावरून, वासावरून ठरवायचे नाही. तपासायचे आणि मोजायचे, ही शिस्त त्यांनी घालून दिली. कृष्णा-वारणेच्या खोऱ्यात, आष्ट्यासारख्या गावांत, पावसाळा लागला की गढूळ पाणी आणि जुलाब-उलट्यांची धास्ती असते. तिथल्या वाचकाने हे चरित्र जाणून घेण्यासारखे आहे.

खाणीच्या गावातला मुलगा

कॉख यांचा जन्म ११ डिसेंबर १८४३ रोजी जर्मनीतल्या हार्झ डोंगरातील क्लाउसथाल या खाणींच्या गावी झाला. वडील खाण खात्यात अधिकारी होते आणि घरात भावंडांचा मोठा गोतावळा होता. गॉटिंगेन विद्यापीठात त्यांनी वैद्यकाचे शिक्षण घेतले. तिथे याकोब हेन्ले हे त्यांचे शिक्षक होते. साथीचे रोग सजीव अशा सूक्ष्म गोष्टींमुळे पसरत असावेत, असे हेन्ले यांनी १८४० मध्येच मांडले होते. तेव्हा ते सिद्ध करण्याचे साधन कोणाकडेच नव्हते.

१८६६ मध्ये पदवी मिळाल्यावर कॉख हॅम्बुर्गच्या रुग्णालयात सहायक म्हणून रुजू झाले. त्या वर्षी तिथे पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची साथ आली. तांदळाच्या धुवणासारखे जुलाब, खोल गेलेले डोळे, पायांत येणारे पेटके आणि काही तासांत संपणारा माणूस, हे सारे बावीस वर्षांच्या या डॉक्टरने जवळून पाहिले. याच शहरात, याच रोगाशी त्यांची पुन्हा गाठ पडायची होती, पण त्याला अजून सव्वीस वर्षे होती.

त्या काळी पटकीचे कारण काय, यावर जगभर नुसता गोंधळ होता. युरोपात दूषित हवेला दोष दिला जाई. आपल्याकडे गावोगाव मरीआईचा गाडा निघे. नैवेद्य भरून तो वाजतगाजत शिवेपलीकडे नेला की रोगही गेला, अशी समजूत होती. लंडनमध्ये जॉन स्नो या डॉक्टरने १८५४ मध्ये एका सार्वजनिक पंपाच्या पाण्याकडे बोट दाखवले होते. त्याच वर्षी इटलीत फिलिप्पो पाचिनी यांनी मेलेल्या रुग्णांच्या आतड्यांत वळवळणारे जंतू पाहिले होते. पण एकाकडे पाण्याचा पुरावा होता आणि दुसऱ्याकडे जंतूचा. दोन्हींची सांगड घालणारे कोणी नव्हते.

पडद्यामागची प्रयोगशाळा

लग्न, मुलगी, लहान गावांतल्या नोकऱ्या आणि १८७० च्या युद्धात सैन्यातली सेवा, असे काही वर्षे चालले. १८७२ मध्ये कॉख वोलस्टाइन या गावी सरकारी जिल्हा वैद्यकीय अधिकारी झाले. आज ते गाव पोलंडमध्ये आहे. दिवसभर रुग्ण तपासायचे, लस टोचायची, शवविच्छेदने करायची आणि उरलेल्या वेळात सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचा, असा त्यांचा क्रम होता. रुग्ण तपासायच्या खोलीचाच एक भाग पडद्याने वेगळा करून त्यांनी तिथे आपली प्रयोगशाळा थाटली होती.

त्या भागात गुरांना फाशी हा रोग होत असे. इंग्रजीत त्याला अँथ्रॅक्स म्हणतात. मेलेल्या जनावराच्या रक्तात काडीसारखे जंतू दिसतात, हे इतरांनाही ठाऊक होते. ते रोगाचे कारण आहेत की रोगानंतर आलेले पाहुणे, हा प्रश्न होता. कॉख यांनी बैलाच्या डोळ्यातले पाणी घेऊन काचेवर थेंबभर द्रवात ते जंतू वाढवले. एका थेंबातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असे पुढे नेले आणि शेवटच्या थेंबातले जंतू उंदराला टोचले. उंदराला तोच रोग झाला. प्रतिकूल काळात हे जंतू कडक बीजाणू बनून मातीत टिकून राहतात, हेही त्यांनी दाखवले. १८७६ मध्ये ब्रेस्लाऊ विद्यापीठात फर्डिनांड कोन यांच्यासमोर त्यांनी हे सारे प्रत्यक्ष करून दाखवले. एका कोपऱ्यातला सरकारी डॉक्टर एकदम विज्ञानाच्या मध्यभागी आला. १८८० मध्ये त्यांना बर्लिनच्या शाही आरोग्य कार्यालयात बोलावणे आले.

बटाट्याची चकती आणि चायना ग्रास

बर्लिनमध्ये त्यांनी एका साध्या पण अवघड प्रश्नाला हात घातला. पाण्याच्या किंवा शौचाच्या थेंबात शेकडो प्रकारचे जंतू एकत्र असतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांतले बरेच सारखेच दिसतात. मग हवा तो जंतू वेगळा कसा काढायचा?

उत्तर उकडलेल्या बटाट्यावर मिळाले. कापलेली चकती उघडी राहिली की तिच्यावर वेगवेगळ्या रंगांचे ठिपके उगवतात आणि प्रत्येक ठिपक्यात एकाच जातीचे जंतू असतात. पातळ रसात जंतू एकमेकांत मिसळतात, घट्ट पृष्ठभागावर मात्र प्रत्येकाचे वेगळे घर होते. मग कॉख यांनी मांसरसात जिलेटिन घालून तो काचेच्या पट्टीवर थिजवायला सुरुवात केली. १८८१ मध्ये लंडनच्या वैद्यकीय परिषदेत त्यांनी ही पद्धत दाखवली, तेव्हा फ्रान्सचे लुई पाश्चरही तिथे होते. पुढे या दोघांत हाडवैर झाले, पण त्या दिवशी पाश्चर यांनी मोकळेपणाने दाद दिली.

जिलेटिन उष्णतेने वितळते, ही अडचण होती. ती एका गृहिणीने सोडवली. कॉख यांच्या सहकाऱ्याची पत्नी फॅनी हेसे घरात जेली करताना समुद्री शेवाळापासून मिळणारे अगार वापरत असे. आपल्याकडे वाणसामानाच्या दुकानात चायना ग्रास म्हणून मिळते ते हेच. ते उन्हाळ्यातही घट्ट राहते. १८८७ मध्ये युलियुस पेट्री या दुसऱ्या सहकाऱ्याने झाकणाची उथळ काचेची बशी आणली. आज जगातल्या प्रत्येक प्रयोगशाळेत दिसणारी पेट्री डिश ती हीच.

पाण्यासाठी या पद्धतीचा उपयोग लगेच लक्षात आला. मोजून एक मिलिलिटर पाणी घ्यायचे, कोमट जिलेटिनमध्ये मिसळून थिजवायचे आणि दोन-तीन दिवसांनी ठिपके मोजायचे. साधारण एक ठिपका म्हणजे मूळ पाण्यातला एक जंतू. पाण्याची शुद्धता पहिल्यांदाच आकड्यात सांगता येऊ लागली.

कोलकात्याचे तळे

१८८३ मध्ये इजिप्तमध्ये पटकीची साथ पसरली. जर्मनीने कॉख यांच्या नेतृत्वाखाली एक पथक अलेक्झांड्रियाला पाठवले, फ्रान्सनेही पाश्चर यांच्या शिष्यांचे पथक धाडले. साथ ओसरत असतानाच फ्रेंच पथकातला सत्तावीस वर्षांचा लुई तुइलिये पटकीनेच दगावला. कॉख यांनी प्रतिस्पर्धी पथकातल्या या तरुणाच्या शवपेटीला खांदा दिला.

इजिप्तमधले काम अपुरे राहिले, तेव्हा घरी परतण्याऐवजी कॉख यांनी भारतात जाण्याची परवानगी मागितली. डिसेंबर १८८३ मध्ये ते कोलकात्याला पोहोचले. त्याच महिन्यात त्यांना चाळीस वर्षे पूर्ण झाली. मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात त्यांना शवविच्छेदनाची सोय मिळाली. पटकीने मेलेल्यांच्या आतड्यांत त्यांना एक वाकडा, स्वल्पविरामासारखा जंतू सतत सापडत होता. इतर कारणांनी मेलेल्यांत तो सापडत नव्हता. जानेवारी १८८४ मध्ये त्यांनी तो शुद्ध स्वरूपात वाढवल्याचे कळवले आणि फेब्रुवारीत त्याचे वर्णन बर्लिनला पाठवले. त्याचे शास्त्रीय नाव व्हिब्रिओ कॉलरी.

मग ते पाण्याकडे वळले. शहरालगतच्या साहेबबागान भागात एका तळ्याभोवती झोपड्या होत्या. लोक त्याच तळ्यात अंघोळ करीत, त्याच पाण्यात कपडे धूत आणि तेच पाणी पीत. पटकीच्या रुग्णाचे कपडेही तिथेच धुतले गेले होते. भोवतालच्या वस्तीत माणसे मरत होती. कॉख यांनी तळ्याचे पाणी जिलेटिनवर पसरले आणि त्यात तोच स्वल्पविरामी जंतू उगवला. साथ ओसरू लागली तसे पाण्यातले जंतूही कमी होत गेले. रुग्णाच्या आतड्यातला जंतू आणि रुग्ण ज्या पाण्यावर जगत होता त्यातला जंतू एकच असल्याचे त्यांनी दाखवले. स्नो यांचे पाणी आणि पाचिनी यांचा जंतू एकत्र आले ते असे.

आणखी एक गोष्ट त्यांनी टिपली. १८७० पासून कोलकात्याच्या काही भागांना पल्ता येथून गाळलेले पाणी नळाने मिळू लागले होते आणि त्यानंतर तिथे पटकी घटली होती. मार्चमध्ये उकाडा वाढला तसे पुढचे प्रयोग अशक्य झाले. पथक परतले तेव्हा जर्मनीत त्यांचे वीरासारखे स्वागत झाले.

ज्या आक्षेपाला उत्तर नव्हते

सगळ्यांनी मात्र हे मान्य केले नाही. ब्रिटिश सरकारने एडवर्ड क्लाइन यांना तपासणीसाठी कोलकात्याला पाठवले. तिथल्या काही तळ्यांत त्यांना असेच वाकडे जंतू सापडले आणि ते पाणी पिणारी माणसे मात्र ठणठणीत होती. कोलकात्यातले डॉ. कनिंगहॅम यांनाही एकाच प्रकारचा जंतू दिसेना. अनेक प्रकारचे स्वल्पविराम दिसत होते. शिवाय जनावरांना जंतू देऊन माणसासारखी पटकी घडवणे कॉख यांना जमत नव्हते. रोगाचे कारण सिद्ध करण्यासाठी त्यांनीच घालून दिलेली अट त्यांच्याच जंतूला पूर्ण करता येत नव्हती.

म्युनिकचे माक्स फॉन पेटेनकोफर हे सर्वांत वजनदार विरोधक होते. जंतू एकटा काही करीत नाही, जमीन आणि भूजलाची स्थिती अनुकूल असावी लागते, असे ते मानत. ७ ऑक्टोबर १८९२ रोजी, चौऱ्याहत्तरीला टेकलेल्या या प्राध्यापकांनी पोटातले आम्ल मारण्यासाठी सोडा घेतला आणि पटकीच्या जंतूंचा द्रव सर्वांदेखत पिऊन टाकला. त्यांना थोडे जुलाब झाले, एवढेच. त्यांच्या लेखी कॉख हरले होते.

आज मागे वळून पाहताना कळते की आक्षेप घेणारे डोळ्यांना दिसले तेच सांगत होते. दिसायला आणि उगवायला सारख्या असलेल्या जंतूंमध्ये एक रोगकारक आणि दुसरा निरुपद्रवी असू शकतो. शिवाय रोग होणे हे जंतूंची मात्रा, त्यांचा जोर आणि माणसाची प्रतिकारशक्ती यांवरही अवलंबून असते. हा फरक बशीवरच्या ठिपक्यात दिसत नाही. त्यासाठी जंतूच्या आत डोकवावे लागते आणि ते साधन यायला अजून बराच काळ होता.

एका रस्त्याच्या दोन बाजू

पेटेनकोफर यांनी तो द्रव प्यायला, त्याआधीच हॅम्बुर्गमध्ये निकाल लागत होता. ऑगस्ट १८९२ मध्ये शहरात पटकी शिरली आणि काही आठवड्यांत साडेआठ हजारांहून अधिक माणसे मेली. सरकारने कॉख यांना तिकडे धाडले. हॅम्बुर्ग एल्ब नदीचे पाणी न गाळताच नळाने देत असे. गाळणीचा खर्च वर्षानुवर्षे लांबवला गेला होता.

हॅम्बुर्गला खेटूनच आल्टोना हे शहर होते. तेही एल्बचेच पाणी घेई, आणि तेही हॅम्बुर्गची घाण नदीत मिसळल्यानंतरच्या, खालच्या अंगाच्या जागेवरून. फरक एकच होता. आल्टोना ते पाणी वाळूच्या थरांतून हळूहळू गाळून मग लोकांना देई. दोन्ही शहरांची हद्द जिथे रस्त्यातून जात होती, तिथे एका बाजूच्या घरांत पटकी होती आणि समोरच्या बाजूला जवळजवळ नव्हती. हवा तीच, जमीन तीच, माणसेही तशीच. वेगळे होते ते नळाचे पाणी.

कॉख तिथेच थांबले नाहीत. वाळूची गाळणी नेमकी काय करते हे त्यांनी मोजून पाहिले. वाळूवर साठणारा बुळबुळीत थर जंतूंना अडवतो. पाणी घाईने सोडले किंवा तो थर मोडला तर जंतू पार होतात. म्हणून पाणी ताशी १०० मिलिमीटरपेक्षा अधिक वेगाने वाळूतून उतरू नये, प्रत्येक गाळणीचे पाणी रोज वेगवेगळे तपासावे आणि एका मिलिलिटरमध्ये १०० हून अधिक जंतू निघाल्यास ते लोकांना देऊ नये, असे नियम त्यांनी सुचवले. त्याच हिवाळ्यात आल्टोनातही थोडी पटकी उद्भवली. थंडीने गोठलेल्या गाळणीतून जंतू निसटले होते आणि लोक आजारी पडण्याआधी बशीवरचे आकडे वाढलेले होते. ते आकडे कोणी वेळेत पाहिले असते तर काही जीव वाचले असते. पाणी पुरवणाऱ्या प्रत्येकासाठी यात मोठा धडा आहे.

यश, चूक आणि मुंबईची वाट

कॉख यांचे आयुष्य नुसत्या विजयांचे नव्हते. १८९० मध्ये त्यांनी ट्यूबरक्युलिन हे क्षयावरचे औषध सापडल्याचे जाहीर केले आणि ते कसे बनवले हे मात्र गुप्त ठेवले. देशोदेशीचे रुग्ण आशेने बर्लिनला धावले. औषध लागू पडले नाही, उलट काहींची प्रकृती बिघडली. पुराव्याविना काही मानू नका असे शिकवणाऱ्या माणसाने स्वतःच पुरावा पुरेसा मांडला नव्हता, आणि त्याची किंमत रुग्णांनी मोजली. तोच पदार्थ पुढे क्षयाचा संसर्ग ओळखण्याच्या चाचणीसाठी उपयोगी ठरला.

१८९७ मध्ये ते पुन्हा भारतात आले, या वेळी मुंबईला. प्लेगच्या अभ्यासासाठी जर्मनीने पाठवलेले पथक तिथे आधीच काम करीत होते. दक्षिण आफ्रिकेत गुरांच्या बुळकांडी रोगावरचे काम आटोपून कॉख त्याला येऊन मिळाले. त्याच शहरात वाल्डेमार हाफकिन प्लेगच्या लशीवर झटत होते. पाण्याने येणारी पटकी आणि पिसवांनी येणारा प्लेग, या दोन्हींनी महाराष्ट्र तेव्हा पोळून निघत होता.

१९०२ पासून त्यांनी जर्मनीच्या ट्रियर भागात विषमज्वराचा, म्हणजे टायफॉइडचा पाठलाग केला. तिथे बशीवरच्या तपासणीने एक नवीच गोष्ट पुढे आली. ठणठणीत दिसणारी माणसेही शौचावाटे रोगजंतू सोडत असतात. पाण्याचे स्रोत सांभाळायचे ते यासाठीच. कोणाच्या शौचात काय आहे हे चेहऱ्यावरून कळत नाही. १९०५ मध्ये क्षयावरच्या कामासाठी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. २७ मे १९१० रोजी बाडेन-बाडेन येथे हृदयविकाराने त्यांचे निधन झाले.

कॉख यांच्यानंतर

ज्या आक्षेपाला त्यांच्याकडे उत्तर नव्हते, त्याचे उत्तर कोलकात्यातच सापडले. १९५९ मध्ये डॉ. शंभुनाथ डे यांनी पटकीचा जंतू एक विष सोडतो आणि त्या विषामुळेच आतड्यातून पाणी वाहू लागते, हे दाखवले. हे विष बनवण्याची सूचना जंतूच्या जनुकात लिहिलेली असते. तळ्यांत आणि खाड्यांत राहणाऱ्या बहुतेक व्हिब्रिओंकडे ते जनुकच नसते. ठणठणीत माणसांच्या तळ्यांत क्लाइन यांना दिसलेल्या स्वल्पविरामांचे कोडे यातून उलगडते.

जनुक शोधण्याचे साधन १९८३ मध्ये कॅरी मलिस यांनी सुचवले. पीसीआर हे त्याचे नाव कोविडच्या काळात घरोघरी पोहोचले. पाण्यासाठी ते असे वापरतात. आधी बरेच लिटर पाणी अतिशय बारीक छिद्रांच्या पडद्यातून गाळून जंतू एकवटतात. त्यांचा डीएनए बाहेर काढतात. मग फक्त हव्या त्या जनुकाला जाऊन चिकटतील असे दोन छोटे तुकडे त्यात सोडतात आणि मिश्रण आलटून पालटून गरम-थंड करतात. प्रत्येक फेरीत त्या जनुकाच्या प्रती दुप्पट होतात. तीस फेऱ्यांत एकाच्या १०० कोटींहून अधिक प्रती होऊ शकतात, आणि त्या प्रकाशमान रंगाने ओळखू येतात. बशीवर दोन-तीन दिवस लागत, ते काम काही तासांत होते. इतकी उष्णता सोसणारे विकर आले तेही पाण्यातूनच, अमेरिकेतल्या गरम झऱ्यांत राहणाऱ्या एका जंतूकडून.

या साधनाचे खरे मोल बशीवर उगवायला नकार देणाऱ्या जंतूंच्या बाबतीत कळते. थंडी किंवा उपासमारीत पटकीचा जंतू जिवंत राहूनही वाढायचे थांबवतो, हे १९८०च्या दशकात रीटा कोलवेल यांच्या गटाने दाखवले. विषाणू तर बशीवर उगवतच नाहीत. आपल्या शेजारच्या इचलकरंजीत २०१२ मध्ये कावीळीची मोठी साथ आली, ती हिपॅटायटिस ई या पाण्यातून पसरणाऱ्या विषाणूची होती. गर्भवतींसाठी हा विषाणू विशेष घातक असतो. प्रयोगशाळेत तो वाढवणे इतके अवघड आहे की त्याचा शोध मुख्यतः जनुकावरूनच घेतात. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्ता परिसरात गुइलेन बारे सिंड्रोमचे रुग्ण एकाएकी वाढले. काहींच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू मिळाला आणि तिथल्या पाण्याकडे सगळ्यांचे लक्ष वळले. ऑक्सिजन जास्त झाला तरी हा जंतू वाढत नाही, त्यामुळे अशा वेळी जनुकीय तपासणीचा मोठा आधार होतो.

पण या तपासणीलाही मर्यादा आहेत आणि त्या समजून घेतल्या पाहिजेत. मेलेल्या जंतूचा डीएनएही तिला सापडतो. म्हणजे क्लोरिनने नीट शुद्ध केलेल्या पाण्यातही ती होकार देऊ शकते. पुराच्या गढूळ पाण्यातले मातीचे घटक ही प्रक्रियाच अडवतात आणि खोटा नकार येतो. शिवाय जे जनुक शोधायला सांगितले तेच ती शोधते. न विचारलेल्या जंतूबद्दल ती काहीच बोलत नाही. खर्च आहे, कुशल हात लागतात आणि नमुना शहरातल्या प्रयोगशाळेपर्यंत थंड ठेवून न्यावा लागतो. म्हणून साथ कशाची, कोठून आली, हे शोधताना जनुकीय तपासणी अमूल्य ठरते. रोजचा पहारा मात्र तिच्यावर सोपवता येत नाही.

रोजचा पहारा गावातच

तो पहारा आजही कॉख यांनी सांगितलेल्या वाटेनेच चालतो. पिण्याच्या पाण्याच्या १०० मिलिलिटर नमुन्यात ई. कोलाय हा आतड्यातला जंतू एकही नसावा, असा आपल्याकडचा निकष आहे. तो सापडला तर पाण्यात विष्ठा मिसळली आहे, एवढे नक्की. नळाच्या टोकाला, लोकांच्या हंड्यात पडणाऱ्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन शिल्लक असायला हवे. जलसुरक्षक टीसीएल पावडर घालून ओटी टेस्ट करतो, पाण्याला पिवळी छटा येते आणि त्याची नोंद होते, ती यासाठीच. ग्रामपंचायतीला मिळणारे हिरवे, पिवळे किंवा लाल कार्डही याच साखळीतला दुवा आहे. क्लोरिन शिल्लक नसलेला एक दिवस म्हणजे आल्टोनाची गोठलेली गाळणी.

२०१९ च्या महापुरात कृष्णाकाठाने पाहिले आहे की विहिरी, गटारे आणि जलवाहिन्या एकदा पाण्याखाली गेल्या की कोणते पाणी कशात मिसळले हे डोळ्यांना कळत नाही. पूर ओसरल्यावर नितळ दिसणारे पाणीही उकळून, गार करून मगच प्यावे. टीसीएल घातल्यावर किमान अर्धा तास पाणी तसेच राहू द्यावे आणि मग वापरावे. गळणारी जलवाहिनी, गटारातून गेलेला नळ आणि पाणी ओढण्यासाठी थेट नळाला लावलेली मोटार, या तिन्हींवाटे घाण आत शिरते, हे नगरपरिषदेच्या आणि आपल्याही लक्षात असावे. एका गल्लीत दोन-चार घरांत एकदम जुलाब सुरू झाले किंवा डोळे पिवळे दिसू लागले, तर घरगुती उपाय करत न बसता त्याच दिवशी आरोग्य केंद्रात कळवावे आणि पाण्याचा नमुना देण्याचा आग्रह धरावा. नमुना टीसीएल घालण्याआधी घेतला की नंतर, हेही बाटलीवर लिहायला सांगावे. तपासणाऱ्याला निष्कर्ष काढताना त्याचा उपयोग होतो. तोपर्यंत रुग्णाला ओआरएस चालू ठेवावे आणि घरातल्या सगळ्यांनी उकळलेले पाणीच प्यावे.